सुटकेनंतरची छावणी

सासू-सासरे पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या आमच्या टाउनहाउसात झोपायच्या खोल्या दोनच होत्या. एक त्यांना दिली. दुसरी लेकीची, तिचा अभ्यास. आम्ही दोघं नवरा-बायको लिव्हिंग रूममध्ये आलो. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली, तिच्यावर दोन सोलापुरी चादरी टाकल्या आणि त्यामागे गादी घातली.

शेजारच्या घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. त्यांची सगळ्या कॉलनीला धास्ती होती. मुलं ओरडली की तक्रार, ड्राइव्हवेवरचा बर्फ नीट काढला नाही की तक्रार, आमच्या फोडणीचा वास त्यांच्या खिडकीतून आत गेला की तक्रार. त्या दिवशी आमचं एक पार्सल चुकून त्यांच्या दारात पडलं होतं, ते घेऊन त्या आल्या. मी दार उघडलं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या.

"ते काय आहे?"

"चादर. माझे सासू-सासरे आलेत ना, म्हणून."

"किती दिवस?"

"सहा महिने."

त्या हसल्या. ते हसणं काही बरं नव्हतं. "आम्हालाही सहा महिनेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "फक्त आमची ब्लँकेटं होती. चादरीतून आवाज जास्त येतो. ब्लँकेट टाक." पार्सल माझ्या हातात कोंबून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. खरं सांगायचं तर मला कुठेतरी जायला हवंच होतं. नागपूरला मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. इथे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेल्या व्हिसावर मला कामाची परवानगी नव्हती, आणि घरात सासूबाई दर अर्ध्या तासानं विचारायच्या, "तू दिवसभर करतेस तरी काय गं?" शेजारच्या बाईंनी काळा चहा केला. साखरेचा खडा दातांत धरून त्या चहा प्यायच्या. माझी लेक त्यांना सरळ नावानं हाक मारायची, इथल्या मुलांसारखी. मला ते जमेना. मी आजी म्हणाले. त्यांनी अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाल्या, "मला नातवंडं आहेत. ती फोन करत नाहीत. तू म्हण."

त्यानंतर माझ्या दुपारी तिकडेच जाऊ लागल्या.

छावणी म्हटलं की आपल्यासमोर हिटलरच्या छावण्या येतात. आजींची छावणी ती नव्हे. ही युद्ध संपल्यानंतरची. आजी मूळच्या पोलंडमधल्या ज्यू. युद्धाच्या सुरुवातीला आईवडील त्यांना घेऊन पूर्वेकडे रशियात पळाले, म्हणून वाचले. वडील तिकडेच तापानं गेले. युद्ध संपल्यावर माय-लेकी आपल्या गावी परत आल्या तर घरात दुसरेच लोक राहत होते. दारात आलेल्या बाईनं आईला ओळखलं. लहानपणी दोघी एका शाळेत होत्या. ती म्हणाली, "अरे, तुम्ही अजून आहात?" आत या म्हणाली नाही. गावातल्या लोकांनी सांगितलं, इथे थांबू नका, परवाच शेजारच्या गावात परत आलेल्यांना मारलंय. मग माय-लेकी सीमा ओलांडून गेल्या. कुठे? तर जर्मनीत. ज्यांनी सगळ्यांना मारलं त्यांच्याच देशात, अमेरिकन सैन्याच्या ताब्यातल्या भागात. जायला दुसरी जागाच नव्हती. कोणताही देश दार उघडत नव्हता.

"जर्मन सोल्जरांच्या बराकी होत्या," आजी सांगायच्या. "भिंतीवर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या शिव्या होत्या, आमच्याबद्दलच्या. वरून चुना मारला होता, पण चुना पातळ होता."

एका लांब खोलीत आठ-दहा कुटुंबं. मधे दोऱ्या, दोऱ्यांवर ब्लँकेटं. बाहेर तारेचं कुंपण आणि गेटवर पहारा. बाहेर जायला पास लागायचा. कुंपणापलीकडे जर्मन गाव होतं. बाँब पडलेच नव्हते त्या गावावर. खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, रविवारी लोक कपडे करून चर्चला निघालेले. "मी तारेला नाक लावून बघायची. जिंकलेले आम्ही आत, हरलेले ते बाहेर. मी आईला विचारलं, कसं काय? आई म्हणाली, नाक काढ, तार गंजलीये."

आत आल्याबरोबर सगळ्यांच्या कॉलरमध्ये, केसांत, कपड्यांच्या आत पांढरी पावडर फवारली, उवांसाठी. सकाळी सूपची रांग, दुपारी सूपची रांग. वाटाण्याचं सूप. अंड्याची पावडर. डब्यातलं मटण, ते ज्यूंच्या रीतीनं कापलेलं नसायचं, म्हणून धार्मिक माणसं त्याला हात लावायची नाहीत आणि उपाशी राहायची. सिगारेटी मिळायच्या, त्या कुणी ओढायचं नाही. सिगारेटी म्हणजे नोटा. चार सिगारेटी दिल्या की कुंपणापलीकडचा शेतकरी अंडी द्यायचा. अमेरिकेतून दानाच्या कपड्यांचे गठ्ठे यायचे. एकदा गठ्ठ्यातून नाचाच्या पार्टीचा हिरवा चमकता गाऊन निघाला, पाठ उघडी असलेला. आजींच्या आईनं तो फाडून दोघींच्या चड्ड्या शिवल्या. "थंडीत मी हिरव्या सॅटिनच्या चड्ड्या घालून शौचालयाच्या रांगेत उभी राहायची," आजी म्हणाल्या. हे सांगताना त्या खरंच हसल्या.

शाळाही होती. एक मास्तर यायचा, पुस्तकं नव्हती. तो फळ्यावर पॅलेस्टाइनचा, ज्यूंना जिथे आपला देश हवा होता तिथला, नकाशा काढायचा, पुसायचा, परत काढायचा. वर्गात मुलं मोजकीच होती.

"का?" मी विचारलं. "छावणी तर मोठी होती म्हणता."

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "बाळं होती. रोज नवीन बाळ. मोठी माणसं होती. माझ्या वयाची नव्हती. मधली पोरं नव्हती." मग खडा दातांखाली फोडून म्हणाल्या, "मला सारखं कुणी ना कुणी हात लावायचं. अनोळखी बायका. रांगेत उभ्या असताना मागून केसांतून हात फिरवायच्या. एक बाई मला मांडीवर घेऊ का विचारायची. मी नऊ वर्षांची घोडी. आई म्हणायची, बस दोन मिनिटं, काय जातंय तुझं? मी बसायची. ती माझ्या मानेचा वास घ्यायची."

असं त्या सांगत आणि मी ऐकत असे. घरी येऊन मी चादरीमागच्या गादीवर बसले की मला आमच्या अडचणीची लाज वाटायची. मग थोड्या वेळानं लाज जायची आणि अडचण तशीच राहायची.

त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली. गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम होतं, टीमच बंद केली. व्हिसा नोकरीला चिकटलेला, नोकरी नसेल तर थोड्याच दिवसांत देश सोडायचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही इतकी वर्षं होतो की लेक दुसरीत होती ती हायस्कूलला पोचली होती, आणि एकवीस वर्षांची झाली की ती आमच्या अर्जातूनच बाहेर पडणार होती. मी आजींकडे जाऊन रडले. बोलता बोलता म्हणून गेले, "आम्हीपण तुमच्यासारखेच अडकलोय, आजी. आमचीपण छावणीच."

आजींनी कप खाली ठेवला.

"तुझं घर आहे नागपूरला?"

"आहे."

"कोण राहतं तिथे?"

"आई. आणि भाऊ."

"दार वाजवलंस तर काय म्हणेल आई? तुम्ही अजून आहात, असं म्हणेल?"

मी डोळे पुसले.

"तुला परत जायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "ते ठीक आहे, कुणाला असतं? पण माझ्या वाट बघण्यात तुझी वाट बघणं मिसळू नकोस."

मी उठून घरी आले. फार लागलं. लागलं, कारण खरं होतं. आठवडाभर गेले नाही. मग एक दिवस त्या स्वतःच काठी टेकत आल्या. नवऱ्याला नोकरी मिळाली का विचारलं. मिळाली होती, कमी पगारावर, पण व्हिसा टिकला होता. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "काउंटरपलीकडे बसलेली ती बाई असते ना, जी आपल्याकडे न बघता ठरवते? तिला मी ओळखते. तेवढं एक आपलं सारखं." यापेक्षा जास्त माफी त्यांना मागता येत नव्हती.

त्यानंतरच त्यांनी मला त्या माणसाबद्दल सांगितलं.

त्यांच्या ब्लँकेटच्या पलीकडच्या बाजूला एक माणूस राहायचा. पूर्वी लाकडाची वखार असलेला. त्याची बायको आणि मुलगी, दोघी मारल्या गेल्या होत्या. छावणीत लग्नं धडाधड व्हायची. एकटी बाई आणि एकटा माणूस आठवड्यापूर्वी भेटलेले असायचे आणि लग्न करून मोकळे व्हायचे. आजींच्या आईनं त्या माणसाशी लग्न केलं. छावणीतल्या धर्मगुरूनं लावलं. सरकारी कचेरीत जर्मन कारकुनापुढे जाऊन उभं राहायला कुणीच तयार नसायचं, त्यामुळे कागदोपत्री ते लग्न झालंच नाही. मधलं ब्लँकेट काढलं, झालं एक कुटुंब. जोडप्याला शेगडीजवळची जागा मिळाली.

"तो चांगला होता," आजी म्हणाल्या. "फार चांगला होता. कुठून तरी सायकल आणली त्यानं. मागे धरून पळायचा, मला शिकवायचा. पण मला माझ्या नावानं हाक मारायचा नाही. त्याच्या मुलीच्या नावानं मारायचा."

"आणि तुम्ही?"

"आधी गप्प बसायची. मग ओ द्यायला लागले. ओ दिली की त्याचा चेहरा बदलायचा. आणि सायकल मिळायची. आईला सगळं ऐकू यायचं. तिनं एकदाही म्हटलं नाही की हिचं नाव वेगळं आहे. शेगडीजवळची जागा होती ना."

असंच तिथे दिवसांमागून दिवस गेले. कोण कुठे जाणार याचीच चर्चा. कुणी पॅलेस्टाइनला निघालं, कुणी ऑस्ट्रेलियाला. आजींच्या आईचा एक भाऊ युद्धाच्या कितीतरी आधी डेट्रॉइटला येऊन राहिला होता. तो जामीन राहायला तयार झाला. मग तपासण्या सुरू झाल्या. दात, डोळे, रक्त, छातीचा एक्स-रे. त्या माणसाच्या फुप्फुसावर क्षयाचा डाग निघाला.

अमेरिकेनं त्याला नाही म्हटलं. सहा महिन्यांनी परत या. परत गेले, डाग होता. पुन्हा सहा महिने. छावणी रिकामी होत चालली होती. शेगडीजवळच काय, सगळ्या खोलीत आता जागाच जागा होती. एक दिवस आईनं चांगले कपडे घातले, मुलीला वेणी घातली आणि दोघीच कचेरीत गेल्या. अधिकाऱ्यानं विचारलं, नवरा? आई म्हणाली, "मी विधवा आहे." आजी सांगत होत्या, "ती खोटं बोलली नाही. कागदावर ती विधवाच होती. माझे वडील मेलेच होते. खरं बोलून एका माणसाला कसं पुसून टाकता येतं ते मी तिथे शिकले."

निघायच्या दिवशी त्या माणसानंच त्यांची ट्रंक उचलून ट्रकपर्यंत आणली. आई त्याला सांगत होती, तिकडे पोचले की तुला बोलावते. तो मान हलवत होता. दोघांनाही माहीत होतं. ट्रक सुटला तसा तो मागे धावायला लागला, खोकत खोकत, आणि हाका मारायला लागला. त्याच्या मुलीच्या नावानं. आजी उठून उभ्या राहणार, तेवढ्यात आईनं त्यांना खाली दाबलं आणि डोकं आपल्या कोटात धरलं.

"ती म्हणाली, तुला नाही हाक मारत तो."

बाहेर कुणाच्या तरी लॉनवर मशीन फिरत होतं, त्याचा आवाज येत राहिला. आजींनी माझा कप उचलला आणि सिंकमध्ये नेऊन ठेवला.

डेट्रॉइटला मामाच्या बेसमेंटमध्ये त्या राहिल्या. पहिल्याच जेवणाला मामीनं सांगितलं, तिकडचं काही टेबलावर काढायचं नाही, मुलं घाबरतात. वर म्हणाली, आम्हालाही इथे युद्धात साखर मोजून मिळायची. दोन वर्षांत आईनं एका लाँड्रीवाल्याशी लग्न केलं, या वेळी सरकारी कचेरीत. पुढे कुणाच्या तरी लग्नात छावणीतला एक ओळखीचा भेटला. त्यानं सांगितलं, तो माणूस छावणी बंद होईपर्यंत तिथेच होता. ज्यांना कुठलाच देश घेत नव्हता असे आजारी, म्हातारे, वेडे झालेले शेवटपर्यंत तिथे उरले होते, त्यांच्यात. मग त्याला एका सॅनेटोरियममध्ये हलवलं. तिथेच गेला. "आईनं ऐकून घेतलं," आजी म्हणाल्या. "आणि त्या सांगणाऱ्याला म्हणाली, तुम्ही मासा घेतला नाही का? चांगला झालाय."

आजींचा मुलगा तासाभराच्या अंतरावर राहायचा. साठीतला, उंच, सगळ्यांशी गोड बोलणारा. त्यानं एकदा एका कम्युनिटी सेंटरमध्ये आजींचं बोलणं ठरवलं. त्याला ऐन वेळी काम निघालं, म्हणून ड्राइव्ह करून मी नेलं. हॉल भरलेला होता. बॅनरवर आशा, नवं जीवन असं काहीतरी लिहिलं होतं, आणि मोठ्या स्क्रीनवर छावणीतल्या लग्नाचा फोटो, सगळे हसणारे. आजी तारेबद्दल बोलल्या, केसांतून फिरणाऱ्या हातांबद्दल बोलल्या. मग त्या माणसावर आल्या. डागापर्यंत पोचल्या, तोच कार्यक्रमाची बाई माइकवर मधेच म्हणाली, "पण किती सुंदर आहे ना, की त्याही परिस्थितीत लोक प्रेमात पडत होते, लग्न करत होते! त्याबद्दल सांगाल का थोडं?"

"सांगते," आजी म्हणाल्या. "लग्नाचा ड्रेस एकच होता. तोच सगळ्या घालायच्या. कमरेला टाचण्या. नवरीकडचं कुणी नाही, नवऱ्याकडचं कुणी नाही, आणि तरी हॉल भरलेला. असाच. लोक नाचायचे, कारण बसलं की रडू यायचं. आणि लग्न करायचे, कारण एकट्यानं अंधारात पडवत नव्हतं. आता मी पुढचं सांगू?"

बाई घड्याळ बघून हसली. वेळ संपत आली होती म्हणे. मुलांच्या गायनाचा कार्यक्रम होता. पुढचं राहिलंच. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एकानं येऊन आजींचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुम्ही इन्स्पिरेशन आहात." गाडीत बसल्यावर मी सीट बेल्ट लावून देत होते, तेव्हा आजी म्हणाल्या, "मामी परवडली. ती निदान स्पष्ट सांगायची, बोलू नकोस म्हणून."

या हिवाळ्यात आजी गेल्या. न्यूमोनिया झाला, तीन-चार दिवस हॉस्पिटलात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या नर्सवर खेकसत होत्या की सूप कोमट आहे. तीच शेवटची भेट.

दफनाला आम्ही दोघंही गेलो. जमीन गोठलेली होती. पेटी खाली गेल्यावर एकेकानं माती लोटायची होती. पहिल्यांदा फावडं उलटं धरून लोटतात, मला कुणीतरी दाखवलं. मुलानं भाषण केलं. म्हणाला, "माझी आई आणि तिची आई, म्हणजे माझी आजी, दोन एकट्या बायका, जगात कुणी नाही अशा, या देशात आल्या आणि त्यांनी आयुष्य उभं केलं. आईनं कधीही तक्रार केली नाही." नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्या बाईनं दुसरं काही केलं नव्हतं. तक्रार करायला त्यांच्याकडे कारणं होती, आणि त्या सोडून दुसरं कुणी ती करणारं उरलं नव्हतं.

ज्यूंमध्ये कुणी गेलं की सात दिवस घरी लोक भेटायला येतात. माझ्या घरचा शिजवलेला पदार्थ त्यांच्यातल्या काहींना चालणार नाही हे आजींकडूनच कळलं होतं, म्हणून मी नुसती फळं घेऊन मुलाच्या घरी गेले. किचनमध्ये आजींची नात भेटली, त्या मुलाची लेक, कॉलेजात शिकणारी. फोन न करणाऱ्यांपैकीच एक. ती म्हणाली, "तुम्ही शेजारच्या ना? ती तुमच्याशी बोलायची का? छावणीबद्दल? आम्हाला फक्त सायकल शिकली एवढंच सांगायची."

"सायकल कुणी शिकवली, सांगितलं?"

"नाही."

मी सांगितलं. सरळ, जसं ऐकलं तसं. एक्स-रेपर्यंत आले तेव्हा मुलगा बर्फ घ्यायला आत आला आणि फ्रिजचं दार उघडं धरून ऐकत राहिला. ट्रकचं ऐकल्यावर त्यानं दार लावलं.

"आई शेवटी शेवटी फार गोंधळायची," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला.

"नव्हत्या गोंधळल्या," मी म्हणाले. "मला हे कितीतरी वर्षांपूर्वी सांगितलंय त्यांनी. हॉलमध्येही सांगत होत्या."

"माझी आजी असं करणं शक्य नाही. तुम्ही तिला पाहिलं नव्हतं. शी वॉज अ सेंट." मग लेकीकडे बघून, मग माझ्याकडे, "प्लीज. आज नको. ओके?" आणि बर्फाचं भांडं घेऊन बाहेर गेला. बाहेर तो पाहुण्यांना ड्रिंक विचारत होता, तेवढ्याच मऊ आवाजात.

मी कोट घातला. गाडीपर्यंत पोचले तोवर ती मुलगी मागून आली. पायांत नुसते मोजे, बर्फात.

"त्या माणसाला कुठे पुरलंय?"

"जर्मनीत. शेवटी त्याला सॅनेटोरियममध्ये हलवलं होतं, त्या गावी असेल. गाव मला माहीत नाही."

"डॅडला माहीत असेल?"

"डॅडला तो माणूसच माहीत नाहीये, बाळा."

मी म्हटलं, आत जा, पाय भिजतील. ती गेली. मी गाडी सुरू केली आणि काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत बसले.